वेगळे होण्याची रीत

श्रीमती यमुनाबाई गुप्ते यांची आणि माझी पहिली भेट ही खरे तर माझी परीक्षा होती. घाटकोपरच्या आमच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायला शिक्षक हवा होता. मी नुकताच पदवीधर झालो होतो, भांडुपला एका नातेवाइकाच्या खोलीत राहत होतो आणि स्वतःला बऱ्यापैकी वक्ता समजत होतो. बाईंनी मला नववीच्या वर्गावर नेऊन उभे केले, नागरिकांच्या हक्कांवर पाठ घ्यायला सांगितले आणि स्वतः शेवटच्या बाकावर मुलींच्या शेजारी जाऊन बसल्या. राज्यघटनेतले हक्क मी घडाघडा सांगितले, मुलांनी भराभर उतरून घेतले. तास संपल्यावर बाई आपल्या खोलीत मला म्हणाल्या, "पाठ चांगला झाला, साटम. एकच विचारते. तुम्ही सांगितलेत ते सगळे हक्क सरकारकडून मागायचे. शेजाऱ्याचा आपल्यावर काही हक्क असतो का?"

"असावा," एवढेच मी म्हणालो.

"मग सोमवारपासून या," बाई म्हणाल्या. "शिकवता शिकवता ते शोधू."

बाईंना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि स्नेह्यांनी मिळून हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले तेव्हा बाईंनी ग्रंथ समितीला एकच अट घातली. 'त्यागमूर्ती', 'ज्ञानतपस्विनी' असले शब्द कुणी वापरले तर आपण समारंभाला येणार नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे की बाई अट घालतात ती पाळायला. तेव्हा विशेषणे बाजूला ठेवून, गेल्या काही वर्षांत आमच्या डोळ्यांसमोर जे घडले तेवढेच मी सांगणार आहे.

बाई मूळच्या ठाण्याच्या. ऐन विशीत वैधव्य आले. वडिलांनी घरात कोंडून न ठेवता पुन्हा कॉलेजात घातले आणि त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली. गेली वीस-बावीस वर्षे त्या मुलुंडला दोन खोल्यांत आपल्या भाचीबरोबर राहतात आणि रोज घाटकोपरला येतात. आमची शाळा तेव्हा एकाच संस्थेच्या दोन शाखांची होती, एक मराठी आणि एक गुजराती. जमीन दिली ती लाकडाच्या वखारी असलेल्या एका गुजराती व्यापाऱ्याने. त्यांचे चिरंजीव मगनलालशेठ संस्थेचे अध्यक्ष होते. इमारत उभी राहिली ती दोन्ही समाजांच्या वर्गणीतून आणि शेजारच्या भटवाडीतल्या बायकामाणसांच्या अंगमेहनतीतून. मराठी शाखेच्या मुख्याध्यापिका यमुनाबाई, गुजराती शाखेचे मुख्याध्यापक जयंतीभाई मास्तर. जयंतीभाई किडकिडीत, तपकीर ओढणारे, मिस्कील गृहस्थ. बाईंना ते यमुनाबेन म्हणत. एकाच पातेल्यातला चहा दोघांच्या खोल्यांत जाई आणि तो फार पांचट असतो यावर दोघांचे एकमत होते.

बाई पहिल्यापासून संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूच्या. त्या बाबतीत त्यांचे कधी तळ्यात-मळ्यात नव्हते. मराठी बोलणाऱ्यांचे एक राज्य व्हावे आणि मुंबई त्यात असावी, हे त्या कुठल्याही व्यासपीठावर ठामपणे सांगत. त्यांच्या भाषणात इतिहासातले पराक्रम क्वचितच येत. "ज्या कचेरीत आपलं गाऱ्हाणं सांगायला दुभाष्या लागतो, ती कचेरी आपली नव्हे," एवढ्या साध्या वाक्यावर त्या सगळी मागणी उभी करीत. भांडुप-मुलुंडकडच्या कामगारांना ते वाक्य एकदम पटे, कारण त्यांतल्या प्रत्येकाने अशा कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या होत्या.

मग छप्पन सालचा तो जानेवारी आला. मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार असे जाहीर झाले आणि शहर पेटले. हद्द नक्की कुठे पडणार हे कुणालाच माहीत नव्हते. बाईंचे घर एका राज्यात आणि शाळा दुसऱ्या राज्यात जाईल, असेही लोक बोलत. शहरात गोळीबार झाले. त्यात आमचा सदानंद परब गेला.

सदू आमच्याच शाळेतून अकरावी होऊन परळच्या एका गिरणीत कारकुनाला लागला होता. कामावरून परत येताना त्याला गोळी लागली. तो मोर्चात होता की नुसता रस्त्यात होता, हे अजून कुणाला ठाऊक नाही, आणि त्याच्या वडिलांना तो फरक मान्यही नाही. परब गिरणीत साचे म्हणजे माग चालवणारे, भटवाडीच्या चाळीत राहणारे. धाकटी मुलगी सुमन आमच्याकडे सातवीत होती. बाई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. बाईंनी सांत्वनाचे शब्द काढले नाहीत. त्या सदूच्या आईजवळ भुईवर बसल्या आणि शाळेच्या नाटकात सदू म्हाताऱ्याचे सोंग किती छान करी, ते सांगत राहिल्या. ती माउली ऐकताना एकदा हसली, आणि मग पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाहेर आले की मुंबई वेगळी ठेवा, असे जे निवेदन काही व्यापाऱ्यांनी दिले होते, त्यावर आमच्या मगनलालशेठचीही सही आहे. मराठी शाखेच्या पालकांची सभा शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी भरली. बसायला जागा नव्हती. परब उठले. आवाज न चढवता ते बोलले.

"बाई, माझा सदू गेला. मुंबई तोडा म्हणून ज्यानं सही केली त्याच्या छपराखाली माझी सुमन बसणार नाही. आमची शाळा वेगळी करून द्या."

मीही उठून परबांना पाठिंबा दिला. आमची शाखा संस्थेतून फुटून स्वतंत्र व्हावी असे मला मनापासून वाटत होते आणि आजही मी तेच म्हणेन. सभा आमच्या बाजूची होती. सगळ्यांच्या नजरा बाईंकडे लागल्या.

"परब," बाई म्हणाल्या, "वेगळं व्हायचा तुम्हाला हक्क नाही असं मी म्हणणार नाही. तो हक्क नाकारला तर मी संयुक्त महाराष्ट्र कोणत्या तोंडानं मागू? पण भावाभावांत वाटणी होते तेव्हा म्हातारी आई कुणाकडे राहणार हे आधी ठरतं. भांडी मागाहून. आपल्या शाखेत वीसेक पोरं गुजराती घरची आहेत. त्यांच्या शाखेत आपली पाच-सात आहेत. त्यांचं काय, ते आधी सांगा."

"त्यांनी त्यांच्याकडे जावं," मागून कुणीतरी म्हणाले.

"ते तुम्ही ठरवायचं की त्यांनी?"

सभागृहात कुजबुज झाली. बाई पुढे म्हणाल्या, "मला थोडा अवधी द्या. मी घरोघर जाऊन विचारते. बहुतेकांना वेगळं व्हायचं असेल तर वेगळं करून देईन. माझं स्वतःचं मत तसं नाही, हे आजच सांगते. पण करून देईन, आणि नीट करून देईन."

बातमी शेठकडे पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते शाळेत आले. मगनलालशेठ वाईट मनुष्य नव्हते, हे मला इथे लिहिले पाहिजे. शाळेवर त्यांचा जीव होता. बाईंच्या समोरच्या खुर्चीत टोपी काढून बसले आणि म्हणाले, "बेन, मला एक समजवा. तुम्ही लोक मोठ्या राज्यातून फुटायला मागता. बरं. मुंबई म्हणते, मला पण वेगळं राहू द्या, तर तुम्ही म्हणता नाही. आता शाळा फोडता. उद्या माझी गल्ली म्हणेल, आम्हाला पण वेगळं करा. याला शेवट कुठे?"

मी तिथेच होतो. माझ्या जिभेवर दहा उत्तरे होती. बाई मात्र म्हणाल्या, "शेठ, प्रश्न खरा आहे. उद्या उत्तर देते."

शेठ गेल्यावर मी चिडून म्हणालो, "बाई, त्यांना वाटेल आपण निरुत्तर झालो."

"झालेच आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर उद्यापर्यंत वेळ मागितला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठना आणि जयंतीभाईंना बोलावून घेतले. "शेवट कुठे, ते मला सांगता येत नाही," त्यांनी सुरुवात केली. "पण वेगळं कुणीही मागितलं, तुमच्या गल्लीनंसुद्धा, तर मी तिला दोन गोष्टी विचारीन. एकत्र राहून दूरच होणार नाही असा कोणता अन्याय तुमच्यावर होतोय? आणि तुमच्यातल्याच ज्यांना वेगळं व्हायचं नाही, त्यांना तुम्ही काय देणार? मुंबई वेगळी मागणाऱ्यांनी भटवाडीत विचारलं नाही, लालबागेत विचारलं नाही, कोळीवाड्यांत विचारलं नाही. घरातल्या बहुतेकांना न विचारता जी होते ती वाटणी नव्हे, शेठ. ते घर काढून घेणं आहे."

"आणि विचारलं, आणि लोक माझ्यासारखं बोलले तर?"

"तर मला फार वाईट वाटेल. आणि मी मानीन."

बाईंचे हे शेवटचे वाक्य मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. मुंबई ज्या मातीवर उभी आहे ती माती मतदानाला लावायची नसते, असे मी मानतो. यावर बाईंचे नि माझे आजवर अनेकदा वाजले आहे. पण आपल्या विरुद्ध जाऊ शकेल असा नियम त्यांनी आधी स्वतःला लावून घेतला आणि मग समोरच्यापुढे ठेवला, हे मी पाहिले. जयंतीभाईंनी तपकिरीची चिमूट ओढली आणि शेठना म्हणाले, "आता शाळेत विचारायला तुम्हाला नाही म्हणता येत नाही, शेठ." शेठ हसले. "विचारा," म्हणाले. "दोन्हीकडे विचारा."

त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर बाई आणि मी चाळीचाळींतून हिंडलो. मला वाटले होते, हे नुसते कर्तव्य म्हणून उरकायचे काम. पण बाई प्रत्येक घरात बसत, आणि विचारून झाल्यावर उत्तर मिळेपर्यंत बोलत नसत. भाजी विकणाऱ्या काशीबेनच्या खोलीतला प्रसंग मला आठवतो. तिची तिन्ही मुले आमच्या मराठी शाखेत होती.

"बाई, आम्ही घरात काठियावाडी बोलतो, बाहेर तुमचं," ती म्हणाली. "पोरं इथे मराठी पोरांत वाढली, मराठी शिकली. आता तुमचे लोक म्हणतात तुम्ही गुजराती. त्यांच्या शाळेत नेली तर म्हणतील, याला तर आपले अक्षर पण येत नाही."

"तुम्हाला काय हवंय?" बाईंनी विचारले.

काशीबेनने भाजीच्या टोपलीवरचे ओले फडके सारखे केले. "आहेत तिथेच राहू दे. पण आमचे अक्षर पण यायला पाहिजे. गावाकडे माझी सासू आहे. ती यांच्या हातचा कागद मागते."

दुसरे घर गोदूमावशींचे. त्यांचे खरे नाव मी देत नाही. त्या मराठी, पण गुजराती घरांत स्वयंपाक करीत आणि मुलगी गुजराती शाखेत होती. बाईंनी विषय काढताच त्या घाबरल्या. "मला काही विचारू नका. ज्यांच्या चुली मी पेटवते त्यांना कळलं तर?" बाई म्हणाल्या, "मी विचारलं हेही कुणाला कळणार नाही. मुलगी आहे तिथे राहील. तेवढं माझ्याकडे." आज गोदूमावशी मुलाकडे राहतात आणि ती कामे सुटली आहेत, म्हणूनच हे लिहायचे धाडस करतो.

बहुतेक मराठी पालकांना वेगळे व्हायचे होते. बाईंनी कौल मान्य केला आणि जूनपासून शाखा स्वतंत्र करायच्या कामाला त्या लागल्या. ज्यांना वेगळे व्हायचे नव्हते त्यांच्यासारख्या रेंगाळल्या नाहीत, आणि आम्हा उतावळ्यांसारखी घाईही केली नाही. सकाळी गुजराती शाळा, दुपारी मराठी. वाचनालय, प्रयोगशाळा आणि मैदान दोघांचे. कुठल्याही शिक्षकाला काढायचे नाही, कुठल्याही मुलाला हलवायचे नाही. मैदानाच्या मुद्द्यावर शेठ अडून बसले. जमीन आपल्या वडिलांची आहे, असे त्यांनी बोलून दाखवले. तेव्हा बाई म्हणाल्या, "जमीन वडिलांनी दिली हे खरं. विटा वाहिल्या त्या भटवाडीच्या बायकांनी. तुम्ही जमीन परत मागितलीत तर त्यांनी विटा उपटून न्यायच्या का?" शेठनी पुन्हा तो विषय काढला नाही.

इथवर आम्ही सगळे बाईंच्या बरोबर होतो. खरी कसोटी लागली ती आमच्या स्वतंत्र झालेल्या शाळेच्या नव्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीत. बाईंनी ठराव मांडला की आपल्याकडे राहिलेल्या गुजराती घरच्या मुलांना आठवड्यातून काही तास गुजराती लिहा-वाचायला शिकवावे. परब मंडळावर होते. मी शिक्षकांचा प्रतिनिधी होतो.

"याचसाठी वेगळे झालो काय?" परब म्हणाले. "दरवाजातून घालवलं ते खिडकीतून आत घेताय तुम्ही."

"ही मुलं कुठं गेलीच नव्हती, परब. ती आपल्यातच होती."

"माझा मुलगा ज्या भाषेपायी गेला, त्या भाषेच्या शाळेत—" परबांना पुढे बोलवेना.

बाई अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "कालपर्यंत आपण लहान होतो, म्हणून न्याय मागत होतो. आजपासून या चार भिंतींत आपण मोठे आहोत. आता न्याय द्यायची पाळी आपली. ती आपण टाळली, तर कालचं आपलं मागणंही खोटं होतं असं होईल. आणि सदू खोट्यासाठी गेला असं मी कुणाला म्हणू देणार नाही."

मी वेळापत्रकाची अडचण सांगितली, शिक्षक कुठून आणणार ते विचारले. बाई म्हणाल्या, हा वर्ग नसेल तर मुख्याध्यापकपदही दुसऱ्या कुणाकडे द्या. धमकी देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. आपण काय करणार ते त्या सांगत होत्या, एवढेच. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. मी विरुद्ध मत दिले. शिक्षकाचा प्रश्न जयंतीभाईंनी सोडवला. आपली सकाळची शाळा आटोपून ते आमच्याकडे येऊन बसू लागले. त्या दिवसांत गुजराती टोपी घालून आमच्या फाटकातून आत येणे सोपे नव्हते. ते टोपी घालूनच येत.

परबांनी मंडळाचा राजीनामा दिला आणि सुमनला शाळेतून काढले. पुढचे मला परबांनीच नंतर सांगितले. त्याच आठवड्यात बाई एकट्या त्यांच्या घरी गेल्या. परब खिडकीकडे तोंड करून बसून राहिले, बाईंशी बोलले नाहीत. बाईंनीही आपले म्हणणे पटवायचा प्रयत्न केला नाही. सदूच्या आईशी बोलल्या आणि उठताना म्हणाल्या, "सुमनचं वर्ष फुकट घालवू नका. आमच्याकडे नको असेल तर भांडुपच्या शाळेत घाला. मी तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलले आहे. दाखला उद्या मिळेल." सुमन भांडुपला जाऊ लागली. आपल्याला सोडून जाणाऱ्याची वाट अडवायची नसते, हे बाई सभेत सांगत. त्या घरात त्यांनी ते करून दाखवले.

त्याच वर्षी एका हरताळाच्या दिवशी भटवाडीकडून मोठी मिरवणूक शाळेवर आली. सकाळची वेळ, आत जयंतीभाईंची शाळा भरलेली. शाळा बंद करा अशा घोषणा सुरू झाल्या. काहींच्या हातांत दगड होते. पुढे असलेली पोरे बरीचशी आमचीच माजी विद्यार्थी. बाई त्या दिवशी लवकर आल्या होत्या. त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"दुपारची शाळा माझी," त्या म्हणाल्या. "हरताळ मलाही मान्य आहे. ती बंद आहे, हे मी कालच सांगितलंय. सकाळची शाळा माझी नव्हे. ती बंद करायला सांगायचा मला हक्क नाही. तुम्हालाही नाही."

"बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" एकाने विचारले.

"तुझ्याच, रमेश. म्हणून तर तुझ्या हातातला दगड मला लागतो." मग त्यांनी पदर खोचला, फाटक बाहेरून ओढून घेतले आणि विचारले, "मिरवणूक स्टेशनकडे जाणार की इथेच उभी राहणार?" आणि उत्तराची वाट न पाहता त्या स्वतःच पुढे होऊन चालू लागल्या. मिरवणूक त्यांच्या मागून गेली. आत जयंतीभाईंचा भूगोलाचा तास चालू राहिला.

पुढे मुंबईसकट मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र करून द्वैभाषिक राज्य आले आणि बाईंनी सत्याग्रह केला. काही आठवडे त्या तुरुंगात होत्या. त्यांचा अकरावीचा वर्ग कुणी घ्यावा? जयंतीभाईंनी घेतला. गंमत अशी की जयंतीभाईंनाही हे द्वैभाषिक नको आहे, त्यांना गुजरातचे वेगळे राज्य हवे आहे. फक्त मुंबई कुणाची, यावर दोघांचे जमत नाही. सुटून आल्यावर बाई त्यांना म्हणाल्या, "मास्तर, घर मोडायला आपण दोघंही निघालोय." जयंतीभाई म्हणाले, "हा, पण दिवाणखाना तुम्ही घेऊन चालल्या." तो वाद त्यांच्यात अजून मिटलेला नाही आणि चहा अजून पांचटच आहे.

बाईंनी माझ्यासाठी काय केले हे सांगायचे तर एवढे एक पुरे. मलाही सत्याग्रहात अटक झाली होती. नेमके तेव्हाच माझे वडील देवगडहून मला भेटायला आले. भांडुपच्या खोलीला कुलूप. शेजाऱ्याने सांगितले, पोलिसांनी नेले. वडील विचारत विचारत मुलुंडला बाईंच्या दारात पोचले. गुजराती वर्गाविरुद्ध मी मत दिले होते, शिक्षकांच्या बैठकीत बाईंवर टीकाही केली होती. बाईंनी वडिलांना घरात घेतले, आंघोळीला पाणी काढून दिले आणि मी सुटेपर्यंत ठेवून घेतले. वडिलांनी पहिल्यांदा विचारले ते हे, "माज्या झिलान काय चोरी केल्यान?"

"चोरी नाही, बाबा," बाई म्हणाल्या. "तुमचा मुलगा आपल्या भाषेचं राज्य मागायला गेलाय."

वडील म्हणाले, "भास मागूक तुरुंगात कित्याक जावचा लागता? ती तर तोंडातच आसा."

हे वाक्य बाईंना इतके आवडले की पुढे कितीतरी सभांत त्यांनी ते सांगितले, आणि दरवेळी वडिलांचे नाव घेऊन सांगितले. मी सुटून आलो तेव्हा वडील बाईंच्या ओसरीवर भाचीला नारळ सोलायला शिकवत होते. बाईंशी माझे मतभेद त्यानंतरही झाले. पण आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याच्या बापाला स्वतःच्या हाताने जेवायला वाढणारी व्यक्ती मतभेदाला घाबरत नसते, हे मला तेव्हा समजले.

गुजराती वर्ग अजून चालू आहे. दरवर्षी तासांची ओढाताण होते आणि दरवर्षी वर्ग चालतो. काशीबेनचा थोरला यंदा अकरावीला बसतो आहे. त्याच्या आजीला त्याच्या हातचा कागद जातो.

या ग्रंथासाठी मजकूर मागायला मी परबांकडेही गेलो होतो. त्यांनी बसायला सांगितले. म्हणाले, "लिहायचं काय त्यात? त्या वर्गाच्या बाबतीत बाई चुकल्या असं मी अजून म्हणतो. सुमनला मी परत आणली नाही, आणणारही नाही." मी उठलो तसे ते पुन्हा म्हणाले, "समारंभ कुठं आहे ते सांगून जा. मी येईन." हे बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन्ही वाक्यं छापा, साटम. एकच छापू नका." म्हणून दोन्ही छापली आहेत.

आपले राज्य अजून आलेले नाही. ते येणार याविषयी बाईंच्या मनात शंका नाही, माझ्याही नाही, आणि ते येईपर्यंत आम्ही कुणी स्वस्थ बसणार नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी गुलाल उधळला जाईल आणि तो उधळायला मी सगळ्यांत पुढे असेन. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी आम्हाला विचारायला हवे की या नव्या घरात गुजराती, कानडी, तेलुगू बोलणारे जे राहिले आहेत, मुलुंडच्या वसाहतीत सगळे गमावून आलेले जे सिंधी आहेत, त्यांचे आपण काय ठरवले. तो प्रश्न आम्हाला आवडणार नाही. आम्ही चिडू, सभा भरेल, वाद होईल आणि कदाचित मी पुन्हा विरुद्ध मत देईन. तरीही तो विचारला गेलाच पाहिजे, आणि तो बाईंनी विचारावा. एवढ्यासाठी त्यांचे दुखरे गुडघे सभागृहाचा जिना चढण्याइतके धड राहोत, आवाज आजच्यासारखाच शेवटच्या बाकापर्यंत पोचो, आणि निरोगी आयुष्याची आणखी पुष्कळ वर्षे त्यांना लाभोत. आम्हाला त्यांच्याशी अजून खूप भांडायचे आहे.